पैशाची इंग्रजी : दिल्लीच्या बाजारातून बँकेच्या खिडकीपर्यंत

नवी दिल्लीत संसद मार्गावर रिझर्व्ह बँकेच्या इमारतीच्या दाराशी दोन भव्य पाषाणमूर्ती उभ्या आहेत. शांतिनिकेतनचे शिल्पकार रामकिंकर बैज यांनी घडविलेल्या या मूर्तींपैकी यक्षिणी शेतीचे, तर यक्ष उद्योगाचे प्रतीक मानला जातो. यक्षाच्या हाती पैशाची थैली आहे. कुबेराचा हा सेवक कोणाही भारतीय माणसाला सहज ओळखीचा वाटावा असाच आहे. परंतु ज्या पैशाचे तो प्रतीक आहे, त्या पैशाचा या महानगरातील लिखित व्यवहार मात्र मुख्यतः इंग्रजीत चालतो.

चांदणी चौकाच्या पश्चिम टोकाला असलेल्या खारी बावलीच्या मसाल्याच्या बाजारात भाव हिंदीत सांगितला जातो, घासाघीस हिंदीत होते, मापही हिंदीतच मोजले जाते. पण शेवटी ग्राहकाच्या हाती जो कागद पडतो, तो बहुधा इंग्रजीत असतो. पहाडगंज किंवा करोलबागेतील जुन्या मराठी कुटुंबांना, त्याचप्रमाणे नोकरीनिमित्त नोएडा किंवा गुरुग्राम येथे नव्याने राहावयास आलेल्या मराठी माणसांना हा अनुभव नित्याचा आहे. बोलताना अडत नाही, अडते ते सही करताना. मुद्दल, व्याज, उधारी, हप्ता, जामीन या सर्व गोष्टी ज्याला लहानपणापासून ठाऊक आहेत, असा जाणता गृहस्थही कर्जाच्या छापील कागदापुढे गोंधळतो. याचे कारण त्याला व्यवहार कळत नाही हे नव्हे. ओळखीचा व्यवहार अनोळखी शब्दांच्या वेषात त्याच्यापुढे आलेला असतो. हा वेष कसा ओळखावा, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

१. ओळखीचे पाहुणे

पैशासंबंधीचे इंग्रजी शब्द सगळेच परके आहेत, ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. ‘रुपी’ हा तर आपला रुपयाच. दिल्लीच्या तख्तावर असताना (1540 ते 1545) शेरशाह सूर याने सुमारे 178 ग्रेन वजनाचे चांदीचे नाणे पाडले, त्याला हे नाव मिळाले. आणि ‘रूप्य’ म्हणजे चांदी या संस्कृत शब्दाशी त्याचे नाते आहे. ‘बझार’ हा फारसी बाजारच होय. मुंबई-कलकत्त्याच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी आपल्या सराफाचे ‘श्रॉफ’ केले. ‘लाख’ आणि ‘कोटी’ हेही भारतातील इंग्रजीत रूढ झाले. अशा शब्दांचा एक मोठा कोश यूल आणि बर्नेल या दोघांनी 1886 साली ‘हॉब्सन-जॉब्सन’ या विनोदी नावाने प्रसिद्ध केला.

उलट, ज्यांना आपण अस्सल मराठी समजतो, त्या शब्दांतही परदेशी पुष्कळ आहेत. जमा, खर्च, रक्कम, वसूल, बाकी, हप्ता हे शब्द अरबी-फारसीतून आले. शिवछत्रपतींच्या काळी रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरीही वाण्याच्या वहीतून जमा-खर्च हलले नाहीत. ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीज आहे; त्या भाषेत ‘पगार’ म्हणजे देणे, चुकते करणे. इंग्रजीतील ‘पे’ हा शब्दही त्याच लॅटिन मुळापासून निघालेला आहे. म्हणजे पगार आणि पे ही एकाच घरातील दोन भावंडे ठरतात. ‘सॅलरी’ या शब्दाचे मूळ लॅटिनमधील मीठ या अर्थाच्या शब्दात आहे. खाल्ल्या मिठाला जागणे म्हणजे काय हे जाणणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द एकदा समजला म्हणजे पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

नवा शब्द शिकताना त्याचे असे एखादे नाते सापडते का, हे पाहावे. नात्याने बांधलेला शब्द स्मरणातून सहसा निसटत नाही.

२. एक शब्द मराठीत, चार इंग्रजीत

अडचण उत्पन्न होते ती दोन भाषांनी जगाचे तुकडे निरनिराळ्या जागी पाडल्यामुळे. मराठीत ‘भाडे’ हा एक शब्द पुरतो. इंग्रजीत प्रवासाच्या भाड्याला ‘फेअर’, घराच्या भाड्याला ‘रेंट’, माल वाहून नेण्याच्या भाड्याला ‘फ्रेट’ आणि मंडप, खुर्च्या किंवा सायकल तात्पुरती घेतल्यास ‘हायर’ म्हणतात. रिक्षावाल्याला ‘रेंट’ किती असे विचारले, तर त्याला तो रिक्षाच भाड्याने मागत आहे असे वाटेल.

उसनवारीचे असेच आहे. मराठीत ‘उसने घेणे’ आणि ‘उसने देणे’ यांत क्रियापद बदलते, शब्द तोच राहतो. इंग्रजीत घेणारा ‘बॉरो’ करतो आणि देणारा ‘लेंड’ करतो. शिकणाऱ्याच्या हातून या दोहोंची अदलाबदल फार होते. ‘बॉरो’ म्हणजे आपल्याकडे येणे, ‘लेंड’ म्हणजे आपल्याकडून जाणे, एवढी दिशा मनात पक्की केली म्हणजे पुरे.

‘प्राइस’, ‘कॉस्ट’ आणि ‘व्हॅल्यू’ यांचा भेदही असाच बारीक आहे. दुकानदार जी मागतो ती ‘प्राइस’, म्हणजे किंमत. वस्तू तयार करण्यास किंवा दुकानात आणण्यास त्याला जो खर्च पडला ती ‘कॉस्ट’. वस्तूच्या अंगी जे मोल आहे ती ‘व्हॅल्यू’. दरीबा कलाँ या चांदणी चौकातील सराफांच्या गल्लीत चांदीचे पैंजण घेताना हे तिन्ही शब्द एकाच वस्तूला लावता येतात, परंतु आकडा तिन्ही ठिकाणी वेगळा येतो.

याउलट कधी इंग्रजीचा एकच शब्द मराठीत फुटतो. ‘इंटरेस्ट’ म्हणजे व्याज, आवड आणि हितसंबंधही. ‘बॅलन्स’ म्हणजे तराजू आणि शिल्लकही. दोन्ही पारड्यांचा तोल साधण्यासाठी जे उरते ती शिल्लक, असा त्यांचा संबंध आहे. ‘आउटस्टँडिंग’ हे विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकावर असेल तर आनंद मानावा, विजेच्या बिलावर असेल तर ती थकबाकी समजावी. ‘सेल’ म्हणजे साधी विक्री. दुकानावरील फलकात मात्र त्याचा अर्थ सवलतीची विक्री असा होतो. शब्दाचा अर्थ कोशात असतो, हे अर्धेच सत्य आहे. तो शब्द कोणत्या कागदावर छापला आहे, हे पाहिल्यावाचून अर्थ पुरा होत नाही.

३. वेष्टनावरील तीन शब्द

किराणा मालाच्या पुड्यावर ‘मॅक्झिमम रिटेल प्राइस’ असे तीन शब्द, बहुधा आद्याक्षरांनी, छापलेले असतात. ‘रिटेल’ या शब्दाच्या मुळाशी कापणे, तुकडे करणे असा अर्थ आहे. कापड बेतणारा ‘टेलर’ही त्याच धातूपासून आला. मोठ्या मालाचे लहान तुकडे करून विकणे ते ‘रिटेल’, म्हणजे किरकोळ. आणि अखंड विकणे ते ‘होलसेल’, म्हणजे घाऊक.

परंतु तिन्हींत महत्त्वाचा शब्द पहिला आहे. ‘मॅक्झिमम’ म्हणजे कमाल. छापलेली किंमत ही वरची मर्यादा आहे. त्याहून अधिक घेण्यास कायद्याने मनाई आहे, कमी घेण्यास मुळीच नाही. सर्व करांसह अशी किंमत छापण्याची पद्धत 1990 पासून आली. पूर्वी ‘स्थानिक कर वेगळे’ असे छापून ग्राहकाकडून वाटेल तितके जादा घेतले जाई, ती सोय त्यामुळे बंद झाली. जो ग्राहक ‘मॅक्झिमम’चा अर्थ जाणत नाही, तो या आकड्याला ठरलेली किंमत समजतो आणि घासाघीस करण्याचा आपला हक्क आपणच सोडून देतो.

खरेदीनंतर मिळणाऱ्या कागदांतही फरक असतो. ‘बिल’ म्हणजे इतके पैसे द्यावयाचे आहेत असे सांगणारा कागद. ‘रिसीट’ म्हणजे इतके पैसे मिळाले असे सांगणारा. बिल हाती असणे हा पैसे दिल्याचा पुरावा नव्हे. पैसे दिल्यावर त्याच बिलावर ‘पेड’ असा शिक्का घ्यावा, अथवा निराळी रिसीट मागावी. ‘इन्व्हॉइस’ हे मालाची तपशीलवार यादी देणारे व्यापारी बिल. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर ‘टॅक्स इन्व्हॉइस’ हा शब्द लहान दुकानांपर्यंतही पोहोचला आहे.

४. जमा कोणाची आणि नावे कोणाच्या

‘क्रेडिट’ आणि ‘डेबिट’ या जोडीने जितके लोक गोंधळात पडतात, तितके दुसऱ्या कोणत्याही जोडीने पडत नसतील. ‘क्रेडिट’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ विश्वास. मराठीतील ‘पत’ हा त्याचा अचूक प्रतिशब्द आहे. बाजारात ज्याची पत आहे, त्यालाच उधार मिळते. म्हणून उधारीवरील विक्रीलाही ‘क्रेडिट’ म्हणतात. ‘डेबिट’चे मूळ देणे लागणे या अर्थाच्या धातूत आहे.

आता बँकेच्या पुस्तकात ‘क्रेडिट’ म्हणजे जमा आणि ‘डेबिट’ म्हणजे नावे, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु हिशेबनीस जेव्हा आपल्या घरच्या वहीत बँकेचे खाते मांडतो, तेव्हा तेच पैसे तो नावे लिहितो. मग चूक कोणाची? चूक कोणाचीच नाही. पासबुक ही ग्राहकाची वही नसून बँकेच्या खतावणीची नक्कल आहे. ग्राहकाने 500 रुपये भरले की बँक ग्राहकाचे 500 रुपये देणे लागते, म्हणून बँक ते ग्राहकाच्या नावाने जमा करते. ग्राहकाच्या वहीत मात्र बँक ही त्याची देणेकरी झाली, म्हणून तीच रक्कम बँकेच्या नावे पडते. एकच रक्कम दोन बाजूंनी पाहिल्यास दोन नावे घेते. पेढीवर जमा-नावे लिहिणाऱ्या जुन्या दिवाणजीला हे समजावून सांगावे लागले नसते.

फोनवर येणाऱ्या संदेशातही हीच नावे येतात. खाते ‘क्रेडिटेड’ म्हणजे पैसे आले. ‘डेबिटेड’ म्हणजे पैसे गेले. 2016 पासून मोबाईलवरून पैसे देण्याघेण्याची पद्धत देशभर पसरली, तेव्हापासून या शब्दांचे अज्ञान महाग पडू लागले आहे. जुने कपाट विकण्यास काढणाऱ्या माणसाला ‘पैसे मिळण्यासाठी’ म्हणून एखादा भामटा गुप्त आकडा टाकावयास सांगतो. पडद्यावर ‘पे’ असे स्पष्ट छापलेले असते. ‘पे’ म्हणजे देणे आणि ‘रिसीव्ह’ म्हणजे घेणे. आणि घेण्यासाठी गुप्त आकडा कधीही टाकावा लागत नाही. एवढे दोन शब्द सावकाश वाचले, तर पैसे वाचतात.

५. चेकवरील भाषा

चेक, वचनचिठ्ठी आणि हुंडीसारखी पत्रे यांचा मुख्य कायदा 1881 सालचा आहे, आणि त्यातील भाषा आजही चेकवर दिसते. चेक लिहिणारा तो ‘ड्रॉअर’. ज्या बँकेवर लिहिला ती ‘ड्रॉई’. ज्याला पैसे मिळावयाचे तो ‘पेयी’. ‘बेअरर’ म्हणजे वाहक, अर्थात जो चेक घेऊन येईल तो. हा शब्द खोडला नाही आणि चेक हरवला, तर ज्याला तो सापडेल त्याला पैसे मिळण्याचा धोका राहतो. चेकवर दोन समांतर तिरप्या रेघा ओढणे याला ‘क्रॉसिंग’ म्हणतात. तसे केल्यास रोख रक्कम खिडकीवर मिळत नाही, ती बँकेमार्फतच वसूल करावी लागते. रेघांमध्ये ‘अकाउंट पेयी’ लिहिल्यास ती ज्याचे नाव लिहिले त्याच्याच खात्यात जमा व्हावी, अशी सूचना होते.

रेघांमध्ये कधी ‘नॉट निगोशिएबल’ असेही लिहितात. जुन्या फर्निचरच्या जाहिरातीत ‘निगोशिएबल’ म्हणजे भावात घासाघीस होईल. चेकवर या शब्दाचा घासाघिशीशी काहीही संबंध नाही. असा चेक दुसऱ्याला देता येतो, पण देणाऱ्याचा हक्क जेवढा शुद्ध असेल तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोरीचा असेल, तर घेणाऱ्याचा प्रामाणिकपणाही त्याला तारीत नाही.

रक्कम अक्षरांत लिहिताना ‘फाइव्ह हंड्रेड’ असे लिहावे. संख्येनंतर ‘हंड्रेड’चे अनेकवचन होत नाही. शेवटी ‘ओन्ली’ लिहितात, जसे मराठीत ‘फक्त’ किंवा ‘मात्र’. पुढे कोणी आणखी शब्द घालू नये म्हणून ही कडी लावलेली असते. परदेशी कागदांवर ‘मिलियन’ दिसल्यास दहा लाख आणि ‘बिलियन’ दिसल्यास शंभर कोटी समजावेत. चेकची मुदत 1 एप्रिल 2012 पासून तीन महिन्यांची आहे. त्यानंतर तो ‘स्टेल’, म्हणजे शिळा होतो. खात्यात पैसे नसल्यामुळे चेक परत आला तर ‘डिसऑनर’ झाला असे म्हणतात. हा शब्द मानापमानाचा वाटला, तरी 1989 पासून तो गुन्ह्याचाही आहे, आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

६. सही करण्यापूर्वी

इंग्रजी करारपत्रांत ‘-ऑर’ आणि ‘-ई’ या प्रत्ययांच्या जोड्या वारंवार येतात. क्रिया करणाऱ्याला पहिला प्रत्यय लागतो आणि जिच्याकडे ती क्रिया जाते त्या व्यक्तीला दुसरा. ‘लीज’ देणारा घरमालक तो ‘लेसॉर’, घेणारा भाडेकरू तो ‘लेसी’. येथवर सोपे आहे. आता ‘मॉर्गेजॉर’ कोण? पुष्कळ जण बँक असे उत्तर देतात. परंतु बँक कर्ज देते, गहाण देत नाही. गहाण देण्याची क्रिया कर्जदाराची. म्हणून कर्जदार हाच ‘मॉर्गेजॉर’ आणि बँक ‘मॉर्गेजी’. नियम नीट लावला, तर पाठांतराची गरज उरत नाही.

याच कागदांत ‘विटनेस’ आणि ‘गॅरंटर’ अशा दोन जागा सहीसाठी असतात. नोएडात सदनिका घेणारा सहकारी शेजारच्या टेबलावरून कागद पुढे सरकवितो आणि ‘नुसती सही हवी आहे’ असे म्हणतो. भिडस्त माणूस सही करतो. ‘विटनेस’ म्हणजे साक्षीदार. समोर सही झाली एवढेच तो सांगतो. ‘गॅरंटर’ म्हणजे जामीन. 1872 च्या करार कायद्याच्या 128 व्या कलमानुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामिनाची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराने हप्ते थांबविले, तर धनको थेट जामिनाकडे वळू शकतो. मराठीत ‘जामीन राहतोस का?’ असे विचारले असते, तर त्या माणसाने घरी जाऊन विचार केला असता. ‘गॅरंटर’ या शब्दापुढे तो विचार करीत नाही, कारण शब्दाने त्याला धोक्याची जाणीव दिलेली नसते. पैशाची इंग्रजी शिकण्याचे खरे प्रयोजन येथे आहे.

७. दोन्ही भाषांत वावरलेला एक मराठी माणूस

महाडजवळच्या नाते गावी 1896 साली जन्मलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि 1950 ते 1956 या काळात त्यांनी दिल्लीत अर्थमंत्रिपद सांभाळले. ज्या ‘बजेट’ची भाषणे त्यांनी लोकसभेत केली, त्या शब्दाचा मूळ अर्थ चामड्याची लहान पिशवी असा आहे, मराठीने त्यासाठी ‘अर्थसंकल्प’ हा अर्थगर्भ शब्द घडविला. इंग्रजी अर्थव्यवहारात मुरलेल्या या पंडिताने कालिदासाच्या मेघदूताचा मराठी अनुवादही केला. परभाषेतील व्यवहार अंगवळणी पडल्याने स्वभाषा दुरावतेच असे नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. किंबहुना ज्याच्या स्वभाषेतील शब्द ठाशीव असतात, त्याला परभाषेतील शब्दांच्या कडा अधिक स्पष्ट दिसतात.

म्हणून शिकणाऱ्याने एक लहान वही करावी. तीत शब्दाचा केवळ अर्थ लिहू नये; तो कोणत्या कागदावर भेटला, त्याने पैसे कोणत्या दिशेने गेले आणि मराठीत त्या जागी घरातील वडीलधारी मंडळी कोणता शब्द वापरीत, या तीन गोष्टी लिहाव्यात. आठवड्यातून पाच शब्द पुरेत.

अभ्यास

(1) पुढील चार ठिकाणी भाड्यासाठी कोणता इंग्रजी शब्द वापराल? मेट्रोचे तिकीट, गुरुग्राममधील सदनिका, आझादपूर मंडईतून निघालेला फळांचा ट्रक, लग्नासाठी आणलेल्या खुर्च्या.

(2) घर गहाण ठेवून कर्ज काढणारा ‘मॉर्गेजॉर’ की ‘मॉर्गेजी’?

(3) पैसे दिले, पण हाती केवळ बिल आहे. आणखी काय मागावे?

(4) शंभर रुपयांची नोट घ्यावी. मागील बाजूस भाषांची जी पट्टी आहे, तीत मराठी ओळ शोधावी. नंतर नोटेवरील इंग्रजी वाक्यातील ‘बेअरर’ हा शब्द शोधून त्याचा चेकवरील ‘बेअरर’शी काय संबंध आहे, ते दोन वाक्यांत लिहावे.

उत्तरे : (1) फेअर, रेंट, फ्रेट, हायर. (2) मॉर्गेजॉर. (3) रिसीट, अथवा बिलावर ‘पेड’ असा शिक्का. (4) पट्टीत पंधरा भाषा असून मराठी वरून आठवी आहे. दोन्ही ठिकाणी ‘बेअरर’ म्हणजे जवळ बाळगणारा. नोट ज्याच्या हाती त्याला तिच्या मूल्याचे वचन दिलेले असते, आणि वाहक चेकचे पैसेही जो तो घेऊन येईल त्याला मिळतात. म्हणूनच नोटेइतक्याच जपणुकीने असा चेक सांभाळावा लागतो.